हाडांवरचा प्रबंध

बेलापुरात हाडवाल्याची वखार कुठं म्हणून विचारलं, तर लोक बोट दाखवायच्या आधी नाक दाबत. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं अल्लाबक्षची ती वखार होती. नेवाशापासून राहुरीपर्यंतच्या शेहेचाळीस गावांतल्या मेलेल्या जनावरांची हाडं तिथं येत, वाळत, निवडली जात आणि श्रीरामपुरातल्या स्टेशनवरून मालगाडीच्या वाघिणीत भरून मुंबईला रवाना होत. धंदा चोख होता, काट्यात खोट नव्हती. पण गावाच्या जिभेला हाड नसतं. अल्लाबक्ष मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो असं पारावर बसून म्हणायचं, आणि आपल्या गोठ्यातला बैल मेला की सांगाडा उचलायला माणूस मात्र त्याच्याकडंच धाडायचा, अशी तिथली रीत होती.

शमशेर हा अल्लाबक्षचा एकुलता एक मुलगा. लहानपणी तो या बोलण्यावरून मारामाऱ्या करी. पुढं मारामाऱ्या सुटल्या आणि अंग धुण्याचा नाद लागला. शाळेतून आला की अंगणातल्या दगडावर बसून लाल साबणानं हात, मान, कानांमागं घासघासून धुवायचा. त्याची आई रोशनबी म्हणायची, साबण तुझ्या बापाच्या धंद्यापेक्षा महाग पडतोय. ती हसून म्हणायची, पण पोराच्या मनात काय शिजतंय ते तिला कळत होतं. त्याला बापाचा राग नव्हता. त्याला बापाची लाज वाटत होती, आणि रागापेक्षा ती फार वाईट. राग कधीतरी निवतो तरी.

पोरगा हुशार होता यात शंका नाही. नगरच्या कॉलेजातून बी. कॉम. झाला आणि एकाहत्तर साली पुण्याला एम. कॉम.ला गेला. त्याचा खास विषय होता परदेशी व्यापार, आणि जोडीला व्यापारी धोरण. तिथं पहिल्याच दिवशी व्यापारी धोरण शिकवणाऱ्या सरांनी एकेकाला उभं करून बापाचा धंदा विचारला. कुणाची पेढी होती, कुणाचा कारखाना, कुणाचा बाप बँकेत. शमशेर म्हणाला, निर्यात. कशाची, असं सरांनी विचारलं तेव्हा त्याला खोटं सुचलं नाही. हाडांची, म्हणाला. वर्ग खदखदून हसला आणि शेजारच्या मुलानं बाकावरची वही आपल्याकडं ओढून घेतली.

सर हसले नाहीत. ते बारीक अंगाचे, पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ होते आणि दोन वर्षं विलायतेत राहून आले होते. मुलांना ते पुस्तकातलं कमी आणि प्रत्यक्ष धंद्यांच्या हकिकती जास्त शिकवत. एखादी कंपनी कशी वाढली, एखादी कशी बुडाली, तुम्ही तिच्या खुर्चीवर असता तर काय केलं असतं, असं विचारत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: ज्याला आपल्या मालाचं शेवटचं गिऱ्हाईक ठाऊक नाही तो व्यापारी नव्हे, तो नुसता हमाल. शमशेरनं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं आणि खाली रेघ मारली. तसं लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढं कोण उभं होतं, हे त्यानं कुणाला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. बाकीच्या पोरांनी साखर, कांदा, कापूस असले विषय धरले. सरांनी शमशेरला बोलावून सांगितलं, तुझ्या घरी जे आहे ते या वर्गात कुणाकडं नाही. हाडांचा व्यापार आजवर कुणी आतून पाहून लिहिलेला नाही. तू लिहिलास तर पहिला वर्ग तर मिळेलच, पण नोकरीही तुझा पत्ता शोधत येईल. ज्या गोष्टीपायी आजवर मान खाली घातली तीच आता मान वर करणार, असं शमशेरला वाटलं. त्यात वावगं काही नव्हतं. मीही त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं; इथपर्यंत.

बहात्तरच्या उन्हाळ्यात तो घरी आला तो वही घेऊनच. पोरगा आपण होऊन वखारीत येऊन बसला, हे पाहून अल्लाबक्षला कुठं ठेवू न् कुठं नको असं झालं. या घरात बायामाणसांशी बोली दखनी. पण हाडं वेचणाऱ्यांत उभा जन्म गेल्यामुळं अल्लाबक्षच्या तोंडी इकडचीच मराठी बसली होती, आणि धंद्याचं तो मराठीतच बोले. तो अक्षरशत्रू होता. सगळा व्यापार त्याच्या डोक्यात. कोणत्या गावाला कोण वेचतं, कुणाच्या वाट्याला कोणतं शिवार, माल घेणाऱ्या मुंबईच्या शेठला तो कुठल्या भावापर्यंत खाली उतरू शकतो, हे त्यानं कधी रोशनबीलाही सांगितलं नव्हतं. पोराला मात्र त्यानं एकेक करून सगळं सांगितलं. पोरगा विचारी, बाप सांगे, आणि वही भरत जाई.

सगळ्यात जास्त वेळ पावसाळी ज्वारीवर गेला. पावसाचे तीन महिने हाडं ओली असतात, वेचता येत नाहीत, आणि वेचणाऱ्यांच्या चुली थंड पडतात. त्या तीन महिन्यांत अल्लाबक्ष प्रत्येक वेचणाऱ्याच्या घरी दर महिन्याला दोन पायली ज्वारी पोचवी. ती उसनी नव्हे, तिचा हिशेबही नव्हे. त्याच्या बापानं हे सुरू केलं होतं. त्या बदल्यात एकच अलिखित करार, की या शेहेचाळीस गावांतलं हाड दुसऱ्या कुणाच्या काट्यावर चढायचं नाही. कुणी थोडा ओला माल आणला तरी अल्लाबक्ष तो घेई आणि आपल्या अंगणात वाळवी. तीस वर्षांत हा करार कुणी मोडला नव्हता. राहीबाई म्हणून एक विधवा बाई होती, राहुरीकडच्या नऊ गावांची हाडं ती एकटी वेची. शमशेर लहान असताना ती येताना त्याला ओच्यातून बोरं आणायची. तिचंही नाव वहीत गेलं, नऊ गावांसकट.

एक दिवस शमशेरनं बापाला उलटं विचारलं, ही हाडं शेवटी जातात कुठं, ठाऊक आहे? अल्लाबक्ष म्हणाला, खताला जात असतील, नाहीतर साखर पांढरी करायला. मग शमशेरनं त्याला पुण्याच्या लायब्ररीत वाचलेलं सांगितलं, की ती विलायतेला जातात, त्यांचा सरस काढतात, आणि त्या सरसावर फोटोची फिल्म बनते, औषधांच्या गोळ्यांची टरफलं बनतात. तिथला भाव किती, तेही सांगितलं. अल्लाबक्षनं तो भाव आपल्या भावाशी बोटांवर ताडून पाहिला.

"मंग मधलं कोन खातं रं?" त्यानं विचारलं.

न शिकलेल्या माणसानं एका दमात विचारलेला हा प्रश्न म्हणजेच अख्खा प्रबंध होता.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. शिवारं करपली, कडबा सोन्याच्या भावानं जायला लागला, आणि जनावरं जागच्या जागी बसून मरायला लागली. वखारीत हाडांचे ढीग भिंतीच्या वर गेले. अल्लाबक्षला बरकत आली आणि त्याला अन्न गोड लागेना. ज्यांच्या बैलांची हाडं वेचून आणली त्यांची नावं त्याला ठाऊक होती. शमशेर तेव्हा पुण्यात पंख्याखाली बसून इंग्रजीत लिहीत होता, की चालू हंगामात पुरवठ्यात तिप्पट वाढ अपेक्षित असून ही परिस्थिती धोरणात्मक बदलाला अनुकूल आहे. वाक्यात चूक काढायला जागा नव्हती.

पहिल्या मसुद्यात त्यानं बापाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं होतं. मधलं खातो तो मुंबईचा शेठ. जिल्ह्यातल्या अशा पाचसहा वखारवाल्यांनी एकत्र येऊन स्वतः परवाना काढावा, स्वतः जहाजावर माल चढवावा आणि शेठला वगळावं. सरांनी ते प्रकरण तांबड्या पेन्सिलीनं आडवं कापलं. ही भावना झाली, धोरण नव्हे, असं त्यांनी समजावलं. परवाना कुणाकडं, भांडवल कुणाकडं, विलायतेतली ओळख कुणाकडं? मग साखळीतला कमकुवत दुवा कोणता? तो शोध, आणि तो काढला तर काय होईल ते लिही. सर दुष्ट नव्हते. त्यांना त्यात कुणाचा बाप दिसत नव्हता, एवढंच.

शमशेरला मात्र दिसत होता. तो दोन दिवस खोलीत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं. कमकुवत दुवा: स्थानिक वखारवाला. अनावश्यक खर्च: पावसाळी ज्वारी, ओला माल वाळवणं. उपाय: निर्यातदारानं वेचणाऱ्यांशी थेट व्यवहार करावा. मागं परिशिष्ट जोडलं, त्यात शेहेचाळीस गावं, वेचणाऱ्यांची नावं आणि वखारवाला कोणत्या भावाच्या खाली तग धरू शकत नाही तो आकडा. हा प्रबंध चुकून मुंबईच्या शेठच्या हाती पडला तर वखार एका हंगामात बसेल, हे त्याला लख्ख कळत होतं. पण कॉलेजचा प्रबंध कपाटात पडून धूळ खातो, असं त्यानं मनाला समजावलं. मनाला काय, सांगावं ते पटतं.

त्र्याहत्तरच्या एप्रिलात तोंडी परीक्षा झाली आणि पहिला वर्ग नक्की असल्याचं सरांनी कानात सांगितलं. लाल कापडाची बांधणी, वर सोनेरी अक्षरं असलेली एक प्रत घेऊन शमशेर घरी आला. अल्लाबक्षनं ती दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट करून पाहिली, वास घेतला. आता या लोकांत पोरानं कुराण वाचून पुरं केलं की मिठाई वाटतात, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरी ती पहिली जाते. अल्लाबक्षला शिक्षण पुरं झाल्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती. त्यानं श्रीरामपूरहून दोन शेर पेढे आणवले, परातीत मांडले, वर प्रबंध ठेवला, सगळ्यावर रोशनबीच्या हातचा जरीचा रुमाल घातला आणि म्हणाला, उद्याच्या गाडीनं मुंबईला जातो. राधाकृष्ण शेठचं मीठ बावीस वर्षं खाल्लंय. पहिला मान त्याचा.

शमशेर तेव्हा दारातच उभा होता. राधाकृष्ण शेठ इंग्रजी शिकलेला, विलायतेशी पत्रव्यवहार करणारा माणूस. एक शब्द पुरला असता. पेढे न्या, पुस्तक राहू द्या, एवढं म्हणायचं होतं.

"आत माज्याबद्दल काय वंगाळ तर लिवलं न्हाई ना?" अल्लाबक्षनं थट्टेत विचारलं.

"न्हाई आब्बा."

त्यानं बापाला का अडवलं नाही, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याचा आनंद मोडवेना, हे कारण तो पुढं स्वतःला देत राहिला. खरं कारण दुसरं होतं. नोकरी आपला पत्ता शोधत येईल असं सर म्हणाले होते, आणि पत्ता आता परातीत ठेवून आपण होऊन निघाला होता.

अल्लाबक्ष दोन दिवसांनी परतला तो हवेत तरंगतच. शेठनं त्याला गादीवर शेजारी बसवलं, चहा पाजला आणि पुस्तक वाचायला ठेवून घेतलं. पंधरा दिवसांनी ते टपालानं परत आलं. पानापानावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. म्हातारा येईल जाईल त्याला त्या रेघा दाखवी आणि सांगे, शेठनं लई बारकाईनं वाचलंय.

मे महिन्यात शेठची लॉरी आली. ती वखारीवर आली नाही. गावोगाव फिरली, थेट वेचणाऱ्यांच्या झोपड्यांपुढं थांबली. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या माणसाकडं टाइप केलेली यादी होती आणि किलोमागं दोन पैसे जास्तीचा भाव होता. दुष्काळात दोन पैसे म्हणजे काय, ते पोट भरलेल्यांनी विचारू नये. लोकांनी माल दिला. पहिल्या आठवड्यात तीस गावं गेली. राहीबाई तेवढी महिनाभर अडून बसली, पण लॉरीवाल्यानं तिच्या नऊ गावांत दुसरे वेचणारे उभे केले तेव्हा तिचाही इलाज चालेना. अल्लाबक्षच्या उरल्यासुरल्या मालाला शेठनं जो भाव कळवला तो बरोबर तोच होता, ज्याच्या खाली वखार तग धरू शकत नव्हती. एका पैशाचाही फरक नव्हता.

पोराशिवाय कुणाला न सांगितलेला तो आकडा ऐकला आणि अल्लाबक्ष समजला. त्यानं फडताळातून प्रबंध काढला आणि शमशेरपुढं ठेवला.

"ह्यात मी कुठं हाय ते काढ. आन् मराठीत वाच."

शमशेरनं पान काढलं. त्यानं दुसरंच काही वाचलं असतं तरी म्हाताऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. पण त्यानं शब्दाला शब्द वाचलं. साखळीतला सर्वांत कमकुवत दुवा, अनावश्यक खर्च, एका हंगामात काढून टाकणं शक्य, सगळं. आणि निर्दयपणाची कमाल अशी, की वाचताना त्यातलं एक वाक्य आपल्याला फार चांगलं साधलंय असं त्याला वाटून गेलं. रोशनबी चुलीपाशी बसली होती. तिनं तवा खाली उतरवून ठेवला.

"सरानं लिवाय लावलं असंल," अल्लाबक्ष म्हणाला. पोराला निसटायला वाट करून देत होता.

"लिहिलं मीच. पहिला वर्ग पायजे हुता."

म्हाताऱ्यानं पुस्तक मिटलं. सगळ्यात मोठा घाव त्याला आत्ता लागत होता, आणि तो पोराच्या लिहिण्याचा नव्हता.

"म्हंजी मीच न्हेऊन दिलं," तो म्हणाला. "पेढ्यासंगं."

निकाल लागला त्याच आठवड्यात शेठचं पत्र आलं. नगर जिल्ह्याच्या खरेदीसाठी त्यांना एक शिकलेला अधिकारी हवा होता. प्रबंध लिहिणाऱ्याइतका योग्य माणूस दुसरा कोण? शमशेरनं नोकरी घेतली. गावानं कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ म्हणून घेतलं आणि मग त्याच लोकांनी आपल्या पोरांना नोकरीला लावा म्हणून त्याच्याकडं चिठ्ठ्या धाडल्या. त्यानं स्टेशनाजवळ शेड भाड्यानं घेतली, काटा बसवला आणि नियम छापून भिंतीला लावले. पहिलाच नियम होता, की ओला माल घेतला जाणार नाही. श्रीरामपुरात त्यानं खोली केली. रोशनबी त्याला आठवड्याला डबा पाठवी. डब्याबरोबर निरोप कधी नसे.

जूनला पाऊस लागला, आणि यंदा तो खरंच लागला. शेतकरी सुखावला, दुष्काळी कामं बंद झाली. वेचणाऱ्यांना ना शेत, ना खडी फोडायचं काम, ना कोरडं हाड. ज्वारी कधी येते म्हणून ते अल्लाबक्षच्या दाराशी बसू लागले. लॉरीवाल्यानं दोन पैसे दिले होते, पावसाळ्याचं तो काही बोलला नव्हता. अल्लाबक्षनं घरातली चार पोती वाटली. ती पहिल्या बारा घरांत संपली. उरलेल्यांपुढं रिकाम्या हातांनी उभं राहणं त्याच्या नशिबी आलं, आणि राहीबाईचं घर त्या उरलेल्यांत होतं.

ऑगस्टातल्या एका दुपारी शेडवर बाजारच्या दिवसाची रांग लागली होती. मुंबईहून आलेला छगन नावाचा कारकून काट्यावर होता, शमशेर मागं टेबलाशी बसून मुंबईला तार लिहीत होता. मान वर केली तर रांगेत, पोतं डोक्यावर घेतलेला, नखशिखांत भिजलेला त्याचा बाप उभा होता. तो पुढं घुसला नाही. चार माणसं पुढं होती, ती होईतो थांबला. पाळी आली तेव्हा त्यानं पोतं काट्यावर ठेवलं. छगननं आत हात घालून पाहिलं आणि पोतं खाली लोटलं.

"ओला माल. घेऊन जा, बाबा."

अल्लाबक्षनं टेबलाकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. इतर लोक साहेबाकडं जसं बघत होते तसाच तो बघत होता.

"साहेब, माल राहीबाईचा हाय. तिला चार दिस उठवत न्हाई. घ्याल तर तिच्या पोटात दोन घास जातील. आमची ज्वारी तिच्यापतुर पोचली न्हाई."

बापाच्या तोंडचं ते साहेब शमशेरच्या कानाला भाजलं. पण रांगेत वीस माणसं होती, विसांच्याही पोत्यांत ओल होती, आणि ती सगळी त्याच्याकडं बघत होती. एकाचं घेतलं तर सगळ्यांचं घ्यावं लागेल. अपवाद केला की धोरण राहत नाही, हे त्यानं स्वतः लिहिलं होतं, त्याला गुण मिळाले होते.

"नियम आहे," तो म्हणाला. "वाळवून आणा."

छगन चमकून एकदा साहेबाकडं, एकदा म्हाताऱ्याकडं बघत होता. नाकाडोळ्यांची ठेवण लपण्यासारखी नव्हती. "साहेबांच्या ओळखीतला का रे तू?" त्यानं विचारलं.

शमशेरनं तोंड उघडलं. उत्तर काय देणार होता, ते त्याचं त्याला ठाऊक. बापानं त्याला ती वेळच येऊ दिली नाही.

"न्हाई," अल्लाबक्ष म्हणाला. "मी ह्यांना वळखत न्हाई."

त्यानं वाकून पोतं उचललं. पाण्यानं जड झालेलं ते एकट्याला पेलेना, तेव्हा रांगेतल्या दोघांनी हात लावून त्याच्या डोक्यावर चढवून दिलं. शमशेर खुर्चीतून अर्धा उठला होता, तो पुन्हा खाली बसला. म्हातारा चिखलातून सांभाळून पाय टाकत रस्त्याला लागला.

"पुढचा घ्या," शमशेर छगनला म्हणाला.